मावशींचा पगार आम्ही कसा ठरवला

आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा की बाळ सांभाळायला बाई ठेवायचीय, किती द्यायचे, तर उत्तर एकच येतं, "पंधरा चालू आहे". हे पंधरा कुणी ठरवले, कधी ठरवले, किती तासांचे, एका मुलाचे की दोन मुलांचे, कुणालाच माहीत नसतं. पण चालू आहे. आणि त्याला जोडून पुढचं वाक्य ठरलेलं, "जास्त देऊन रेट बिघडवू नका हं."

आम्ही पुण्यात बावधनला राहतो. मोठी लेक चार वर्षांची, धाकटा डिसेंबर २०२४ चा. माझी सव्वीस आठवड्यांची रजा जूनमध्ये संपत होती (२०१७ ला कायदा बदलला म्हणून सव्वीस, आधी बाराच मिळायची, म्हणजे माझ्या मोठ्या वहिनीने तीन महिन्यांचं पोर घरी ठेवून ऑफिस गाठलेलं). सासूबाई साताऱ्याला, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे त्यामुळे त्या येऊन राहणं शक्य नव्हतं, आणि माझी आई अजून नोकरी करते. म्हणजे आजी हा पर्याय दोन्ही बाजूंनी बंद. नवरा आणि मी दोघंही आयटीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं, बाकी दिवस घरून काम असलं तरी कॉल चालू असताना मांडीवर सहा महिन्यांचं बाळ घेऊन काय काम होतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

पाळणाघराचा विचार आधी केला, नाही असं नाही. कंपनीत पन्नास किंवा जास्त लोक असले की पाळणाघराची सोय द्यावी लागते, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा पण आहे कायद्यात, पण आमच्या कंपनीचं टायअप आहे ते हिंजवडीत, आणि बावधनहून हिंजवडीला त्या ट्रॅफिकमध्ये सहा महिन्यांचं बाळ रोज न्यायचं आणि मी घरून काम करते त्या दिवशीही न्यायचं, हे काही डोक्यात बसलं नाही. घराजवळच्या एका पाळणाघराने धाकट्याचे बारा हजार आणि मोठीचे शाळेनंतरचे सात असे एकोणीस सांगितले. संध्याकाळी साडेसहाला बंद. आणि मुलाला ताप असेल तर आणायचं नाही, जे बरोबरच आहे, पण मग त्या दिवशी काय हा प्रश्न आपल्याचकडे उरतो. तरी हा एकोणीसचा आकडा मी लिहून ठेवला, कारण पुढे त्याचा उपयोग झाला. घरी येणाऱ्या बाईला पंधरा द्यायला लोक कुरकुरतात आणि पाळणाघराची एकोणीसची पावती आली की मुकाट भरतात.

मग ब्युरो, म्हणजे कमिशन घेऊन कामाला बायका पुरवणारे. एका ब्युरोला फोन केला तर त्या बाईंनी धडाधड पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, बारा तासांची अठरा, चोवीस तासांची पंचवीस, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, एक महिन्याचा पगार कमिशन, बाई सोडून गेली तर दोनदा रिप्लेसमेंट. रिप्लेसमेंट! जसा काही मिक्सर घेतोय. त्यांनी एक मुलगी पाठवली बघायला, असेल बावीस-तेवीसची, नांदेडकडची, फार शांत. चहा घेता घेता मी सहज विचारलं की तुला हातात किती पडतात, तर म्हणाली पहिल्या महिन्याचा अर्धा पगार ब्युरोवाले घेतात. म्हणजे आमच्याकडून एक महिन्याचा घेणार आणि तिच्याकडूनही अर्धा. मी ब्युरोला विचारलं तर "मॅडम ते आमचं आणि त्यांचं इंटर्नल आहे." तिथे तो विषय संपला आमच्यासाठी. मुलगी चांगली होती, त्याचं वाईट वाटलं.

शेवटी जे नेहमी होतं तेच झालं, आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंना सांगून ठेवलेलं, त्यांनी त्यांच्या नणंदेचं नाव काढलं, त्याच आमच्या मावशी. जनता वसाहतीत राहतात, वय बेचाळीस, स्वतःची दोन मुलं वाढवलेली, आणि आधी सहकारनगरला एका घरी जुळी सांभाळलेली चार वर्षं, ती मुलं शाळेत जायला लागल्यावर ते काम सुटलं. तेव्हा सहा घरं करत होत्या.

त्या रविवारी आल्या. आल्या आल्या हातपाय धुवायला बाथरूम विचारलं. मग साडीची खांद्यावरची सेफ्टी पिन काढून पर्समध्ये टाकली, पदर कमरेला घट्ट खोचला, काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून अडकवल्या आणि मग हात पुढे केले बाळाला. मी तोपर्यंत नेटवरून काढलेले पंधरा-वीस प्रश्न तयार ठेवलेले, बाळाच्या घशात काही अडकलं तर काय कराल, ताप किती चढला की फोन कराल वगैरे, ते विचारले मी नंतर, पण खरं सांगायचं तर ती पिन काढलेली बघितली तेव्हाच माझं ठरलेलं.

(घशात अडकलं तर काय कराल याचं उत्तरही त्यांनी बरोबर दिलं, उलटं पाडून पाठीवर थापटायचं, तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही.)

मग पगार. मी म्हटलं, "मावशी, इकडे पंधरा चालू आहे. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, रविवार सुट्टी. जेवण चहा इथेच." त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावर महावितरणचं बिल पडलेलं, ते पालथं करून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "ताई, लिहा तुम्ही, मी सांगते."

आणि बोटांची पेरं मोजत त्यांनी सांगायला सुरुवात केली. सकाळी चार घरं, भांडी-फरशी, प्रत्येकी अडीच हजार. म्हणजे दहा. साडेसातला सुरू, साडेअकराला मोकळी. संध्याकाळी दोन घरी पोळ्या, तीन-तीन हजार, दीड तासात दोन्ही उरकतात. झाले सोळा. सगळी घरं चालत जाण्यासारखी, बसचा रुपया खर्च नाही. दुपारी घरी जाऊन जेवण, पोरीची शाळा, स्वतःचा स्वयंपाक. "आता तुम्ही सांगा," म्हणाल्या, "पंधरासाठी मी सोळा सोडू?"

मी बिलाकडे बघत बसले. त्यांच्या समोर काही बोलले नाही, विचार करून सांगतो म्हटलं, आणि त्या गेल्यावर नवऱ्याला बोलावून ते सगळं एक्सेलमध्ये टाकलं, कारण आम्ही दोघं असेच आहोत. साडेदहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, झाले २७३ तास. पंधरा हजार भागिले २७३, तासाला पंचावन्न रुपये. आणि त्यांचं आत्ताचं, दिवसाला साडेपाच तास, महिन्यात दोन खाडे धरून अठ्ठावीस दिवस, १५४ तास, त्याचे सोळा हजार. तासाला १०४. म्हणजे भांडी घासायला तासाला शंभर आणि आपलं पोटचं पोर सांभाळायला पंचावन्न!

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वरकाम घरटी असतं, कामावर पैसे. ताई पटापट हात चालवते आणि पुढच्या घरी जाते, जितकी घरं तितके पैसे. बाळ सांभाळायचं काम पटापट करता येत नाही. ते तासाचं काम आहे, बाई दिवसभर आपल्याला बांधली जाते, आणि आपण मात्र त्याचा भाव घरटीच लावतो, "एक घर, पंधरा हजार". नवरा म्हणाला, पण बाळ झोपतं ना दोन-तीन तास, तेव्हा मावशी बसूनच असणार. मी म्हटलं तुझा सर्व्हर चालू असतो आणि तू ऑन-कॉल बसून क्रिकेट बघतोस तेव्हा पगार कापतात का तुझा. त्यावर तो गप्प. पण त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ होता असं नाही, कारण पुढे मावशींनीच तो वेगळ्या बाजूने मांडला.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी सरळ विचारलं, की मावशी सहा घरांचे सोळा मिळतायत आणि दुपार मोकळी मिळतेय तर तुम्हाला हे काम हवंय कशाला. तर हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत भेगा, भांड्यांच्या साबणाने, दोन ठिकाणी लाल. रात्री खोबरेल लावून झोपतात म्हणाल्या. आणि गुडघे. फरशी बसून पुसायला लागते चारातल्या दोन घरी, मॉप चालत नाही त्या घरच्यांना. "अजून पाच वर्षांनी मी काय बसून पुसू शकणार नाय ताई. पोराकडं बसून-उठून असतं, एका जागी असतं. पैसे जरा कमी सुटले तासाला तरी चालेल, पण घरात जाताना आकडा कमी नको." म्हणजे हिशोब त्यांचाही पक्का होता, फक्त आमच्या एक्सेलमध्ये गुडघ्यांचा कॉलम नव्हता.

आणि मग जे बोलल्या ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "सहा घरांतलं एक सुटलं तर पाच राहतात. तुमचं एक सुटलं तर सगळंच सुटलं. आणि ती सहा घरं तोवर थांबत नाहीत, तिथं दुसरी लागलेली असते." आधीच्या जुळ्यांच्या घरी तेच झालं होतं, मुलं शाळेत गेली, मालकीणबाईंनी पंचवीस तारखेला सांगितलं की एक तारखेपासून नको, आणि पुढचे तीन-चार महिने एकेक घर जमवण्यात गेले. म्हणजे एका घरी दिवसभर काम करणारी बाई जोखीम जास्त घेते, आणि त्याचे पैसे तिला कुणी देत नाही. मला माझ्या कंपनीत नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे.

सरकारी दर काही आहे का तेही शोधलं. कर्नाटक, केरळ, राजस्थान अशा राज्यांनी घरकामासाठी किमान वेतन लावलेलं आहे. आपल्याकडे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, अठरा ते साठ वयाच्या बाईची नोंदणी होते, कार्ड मिळतं, पण तो कायदा कल्याणाचा, कुणाला तासाला किती द्यायचे ते त्यात नाही. मावशींची नोंदणी नव्हती. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये नोंदणी असलेल्या घरकामगारांना सरकारने दीड हजार रुपये दिले तेव्हा यांना काही मिळालं नाही, कारण कुठल्याच घराने त्या आमच्याकडे काम करतात असा दाखला दिला नव्हता. एका घरी तर "उगाच सही कशाला" म्हणून टाळलेलं. आमच्याकडे लागल्यावर पहिल्यांदा तो दाखला करून दिला, त्याला पाच मिनिटं लागतात.

आता आमच्या बाजूचं. दोघांचे पगार बरे आहेत पण फ्लॅटचा हप्ता त्रेपन्न हजार, मोठीची फी, सासऱ्यांचं डायलिसिस. पैसे झाडाला लागलेले नाहीत. इथे एक गोष्ट सांगते, जो भेटेल तो मला हेच ऐकवायचा की "तुझ्या पगारातून बाईचे वजा केले तर उरणार किती, त्यापेक्षा घरीच बस दोन वर्षं." माझ्याच पगारातून का वजा? मुलं काय मी एकटीने आणलीत? हप्ता दोघांचा, गाडी दोघांची, आणि मावशींचा पगार तेवढा माझा? आमच्या एक्सेलमध्ये तो दोघांच्या बेरजेतून वजा केला आणि नवऱ्याने स्वतःच केला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

तर बजेट ताणून ताणून आम्ही वीस हजारांपर्यंत आलो. आणि बसच्या पासचे वेगळे. ह्या पासची पण गंमत, आम्ही बोलणी करत होतो त्याच सुमारास, १ जून २०२५ पासून, पीएमपीने, म्हणजे पुण्याच्या बससेवेने, भाडं वाढवलं, दिवसाचा पास चाळीसचा सत्तर झाला आणि महिन्याचा नऊशेचा थेट पंधराशे. ज्या बाईला आधी बसचा खर्च शून्य होता तिला आता बावधनला यायचं म्हणजे डेक्कनला बस बदलून पंधराशे. हे पगारात धरलं असतं तर वीसचे साडेअठराच झाले असते, म्हणून पास वेगळा, आणि भाडं परत वाढलं तर वाढीव पण आमचं. शिवाय सव्वासातला घरातून निघून रात्री सव्वाआठला घरी, म्हणजे आमच्या साडेदहा तासांसाठी त्यांचे तेरा जातात.

वीस भागिले २७३ केलं तर त्र्याहत्तर येत होते. मला ते कमीच वाटत होतं पण त्यापुढे आमचा हात जात नव्हता. तेव्हा नवऱ्याने डोकं लावलं, म्हणाला पैसे वाढवता येत नाहीत तर तास कमी करू. शनिवारी आपण दोघंही घरी असतो, मग सगळे शनिवार कशाला हवेत? दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बँकेसारखी. चोवीस दिवस, २५२ तास, तासाला एकोणऐंशी. आम्हाला एक पैसा जास्त पडला नाही, आणि मावशींना मात्र ही सुट्टी पगारापेक्षा जास्त आवडली असं मला आजही वाटतं, कारण "बँकेसारखी" म्हटल्यावर त्या जे हसल्या.

सासूबाईंना फोनवर आकडा सांगितला तर म्हणाल्या, "वीस? अगं आमच्या इथे पतपेढीत पोरींना बारा मिळतात, ग्रॅज्युएट आहेत." खरंय ते. मला त्यावर उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही, फक्त एवढंच म्हटलं की आई, पतपेढीतल्या पोरीही काही रास्त पगारावर नाहीत मग.

आता पैसे ठरले म्हणजे पगार ठरला असं होत नाही, हे मला वाटतं कुणी सांगत नाही. खरी भांडणं होतात ती आकड्यावरून नाही, सुट्टी, उशीर आणि "जरा एवढं करता का" यावरून. म्हणून आम्ही एका फुलस्केपवर मराठीत लिहून काढलं, दोन प्रती, दोन्ही बाजूंच्या सह्या, मावशींनी त्यांच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एक दुरुस्ती घेऊन आल्या, ती पुढे सांगते.

रविवार आणि दोन शनिवार सोडून महिन्याला दोन पगारी रजा, नाही घेतल्या तर साठतील. आजारपणाच्या वर्षाला सात वेगळ्या, कारण खोकत खोकत कुणी माझ्या बाळाकडे यावं असं मलाच वाटत नाही, आणि पगार कापला तर ती येणारच. सातनंतर आम्हाला उशीर झाला तर तासाला शंभर, अर्ध्या तासाचे पण पन्नास, रोजच्या रोज वहीत. आम्ही गावाला गेलो तर पगार पूर्ण. यावर शेजारची एक मैत्रीण म्हणाली हे काय, काम नाही तर पैसे कसले, आमच्याकडे गणपतीत आठ दिवस गेलो की आठ दिवसांचे कापतो. अहो, तुम्ही गेलात, ती नाही गेली ना कुठे! ती तर यायला तयार होती.

दिवाळीला एक पगार बोनस, पहिल्या वर्षी जितके महिने तितका. यात मी काही दानशूरपणा केलेला नाही, माझी आई पुण्याचीच, ती सांगते की १९८० साली पुण्यात घरकामाच्या बायकांनी संप केला होता, त्यातूनच पुढे मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि आजीकडे येणाऱ्या बाई तेव्हा आल्या नाहीत म्हणून आजीने चार दिवस भांडी घासत सगळ्यांचा उद्धार केलेला. पगारी सुट्टी, दिवाळीचा बोनस ह्या गोष्टी पुण्यात बायकांनी मागून, भांडून रुळवल्यात, त्या आपल्या मोठ्या मनाने दिल्या असा आव आणू नये.

काम काय ते पण लिहिलं. बाळाचं सगळं, त्याचे कपडे, बाटल्या, पेज-खिमटी. मोठी साडेबाराला स्कूलबसने गेटवर येते तिला आणणं, जेवू घालणं. केर-फरशी-भांडी नाही, आमचा स्वयंपाक नाही. दुसऱ्या मुलाचे वेगळे पैसे मोजावेत का यावर आम्ही बरंच बोललो, मावशीच म्हणाल्या की मोठी हाताखाली येते ती, तिचे नको, पण मे महिन्याच्या सुट्टीत दोघं दिवसभर असतील तेव्हा त्या महिन्याचे दोन हजार जास्त. मान्य. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार स्पष्ट बाई आहे, आणि मला ते आवडलं, नाहीतर आपल्याकडे पद्धत अशी की "तुम्ही द्याल ते", आणि मग जे दिलं त्यावरून वर्षभर धुसफूस.

आणि ती दुरुस्ती. मी लिहिलेलं, काम सोडायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं. त्यांच्या पोरीने, अकरावीत आहे कॉमर्सला, पेनाने खाली लिहून पाठवलं, "मालकांनी काढल्यास दोन महिने, किंवा दोन महिन्यांचा पगार". नवरा आधी चमकला, दोन कशाला. मग त्याला जुळ्यांच्या घरची पंचवीस तारखेची गोष्ट सांगितली. सही केली त्याने, वर म्हणाला ही पोरगी पुढे जाणार.

एका मुद्द्यावर मात्र अडलो होतो, पैसे कसे द्यायचे. मी म्हटलं खात्यावर, एक तारखेला. मावशी म्हणाल्या रोख द्या. कारण वस्तीत कुणीतरी सांगितलेलं की खात्यावर पगार दिसला की लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद होतात. योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची अट आहे हे खरंच, आणि वीस हजारांचे वर्षाचे दोन चाळीस होतात, मावशींचा नवरा रिक्षा चालवतो त्याचे वेगळे. म्हणजे रास्त पगार दिला तर दीड हजार जायची भीती, कमी दिला तर भीती नाही, असं ते विचित्र गणित. मी म्हटलं हे तुम्ही ठरवा, मी दोन्हीला तयार आहे. दोन दिवसांनी म्हणाल्या खात्यावरच टाका, रोख घरात आली की आमच्या मालकांना वास येतो.

पहिला आठवडा ट्रायल होती, त्याचे पैसे पूर्ण दराने दिले. हे पण लोक देत नाहीत, "बघू तर आधी" म्हणून चार दिवस फुकट राबवून घेतात. घरात हॉलमध्ये कॅमेरा आहे तेही पहिल्याच दिवशी दाखवलं आणि त्याची लाइव्ह लिंक मीच सारखी बघत बसते हे त्यांना आठवड्यात कळलं, कारण मी एकदा फोन करून म्हटलं "मावशी त्याचं टोपडं डोळ्यावर आलंय". म्हणाल्या, "ताई, तुम्ही काम करा."

उचलीचं लिहायचं राहिलं होतं, ते जुलैत आलंच. पोरीच्या क्लासच्या फीसाठी दहा हजार हवे होते. दिले, महिन्याला हजार कापायचे ठरले, वहीत लिहिलं. माझी आई म्हणते उचल कधी द्यायची नाही, बाई पळून जाते. आमच्या अनुभवात उलट आहे, ज्यांना उचल कुठेच मिळत नाही त्या बचत गटातून नाहीतर सावकारी व्याजाने घेतात आणि मग व्याज फेडायला अजून दोन घरं धरतात आणि दमून येतात. अर्थात हे एका मावशींवरून सांगतेय, सगळीकडे असंच होईल असं नाही.

उशीराच्या तासांनी मात्र आमचे डोळे उघडले. पहिल्याच महिन्यात वही बघितली तर आमचे अठराशे रुपये उशिराचे झालेले! चांदणी चौकातून वर यायला कधी वीस मिनिटं कधी पन्नास, आणि आम्हाला वाटायचं जरासाच तर उशीर होतो. पैसे लागत नसते तर आम्ही तो उशीर कधी मोजलाच नसता, मावशींच्या खिशातून गेला असता तो. पुढच्या महिन्यापासून नवरा सव्वापाचला लॅपटॉप मिटून निघतो, मॅनेजरला कॅलेंडर ब्लॉक करून ठेवलंय.

सोसायटीत व्हायचं ते झालंच. भांड्याच्या ताईंकडून बातमी फुटली, आणि बी विंगमधल्या एक काकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या की तुमच्यामुळे आमच्या बाईने तीन हजार वाढवून मागितले. मी म्हटलं किती तास असते तुमच्याकडे? आठ ते आठ. बारा तास, जुळी नातवंडं, चौदा हजार. मी लिफ्टमध्येच भागाकार करून दाखवणार होते पण पाचवा मजला आला. नंतर कळलं की त्यांनी दोन वाढवले. त्यांना ग्रुपवर मात्र लिहावंसं वाटलं की "काही लोकांच्या हौसेमुळे सगळ्यांचं बजेट कोलमडतं". ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही, मात्र ज्या दोन-तीन जणींनी वेगळा मेसेज करून विचारलं त्यांना ती एक्सेल पाठवली, दर नाही पाठवला. तुमचे तास टाका, मुलं टाका, बाई आत्ता किती कमावते ते तिलाच विचारून टाका, मग बघा काय येतं ते. एकीचं बावीस आलं, तिला परवडेना, तिने अर्ध्या दिवसाची मावशी लावली आणि दुपारनंतर पाळणाघर. चालतंय की तसंही.

दिवाळी ऑक्टोबरात आली, पाच महिन्यांच्या हिशोबाने आठ हजार तीनशे तेहेतीस येत होते. नवरा म्हणाला साडेआठ करू, मी म्हटलं वहीत हिशोबाचेच लिही आणि वरचे ओवाळणी म्हणून दे, मिसळू नकोस. मावशी भाऊबीजेला येऊन त्याला ओवाळूनही गेल्या, त्यात पाचशे एक वेगळे गेले त्याचे, ते तो अजून सांगतो.

वर्षाची वाढ किती हे मात्र कागदावर आम्ही टक्क्यांत लिहिलेलं नाही, "जूनमध्ये बसून ठरवू" एवढंच आहे. माझा विचार दहा टक्क्यांचा आहे, आमचं इन्क्रिमेंट लागलं तर. मावशींनी परवा बाळाचं जावळ विंचरता विंचरता सहज सोडून दिलं, "ताई, जून येतोय हं, पोरीने हिशोब करून ठेवलाय." बिलाचा कागद मी शोधून ठेवायला हवा.